दोन डबे की पाच

नाही बाबा, ह्या वेळी तुमचं ऐकायचं नाही म्हणजे नाही. कान दोन तर स्पीकरचे डबे पाच कशाला, असंच म्हणणार ना? तुम्ही तर स्टिरिओलासुद्धा नाक मुरडायचात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, मी इथे मस्कतला एका दुकानाच्या गोदामात खोकी उचलतोय, आणि भांडण अजून तेच, कुठली वायर कुठे लावायची. तर ऐका. धाकट्याने आपल्या ठाकुर्लीच्या खोलीत कॉम्प्युटर घेतलाय. तुम्ही लग्नाकार्याला भाड्याने द्यायचात ते भोंगे ज्या कोपऱ्यात रचलेले असायचे, तिथेच टेबल टाकलंय. मला फोनवर म्हणाला, "दादा, याला स्पीकर पायजेत. साधे दोन बस झाले." मी म्हटलं, "गप रे, दोन कसले? पाचवाला सराउंड पाठवतो. इथे रोज माझ्याच हातून उतरतो माल." तर म्हणतो कसा, "दहा बाय बाराची खोली आपली. मागचे दोन काय मोरीत लावू?" तुमचाच मुलगा. जीभ तीच.

गाण्याबिण्यासाठी असते तर मी एवढा डोक्याला ताप करून घेतला नसता. आईसाठी पायजेत. तिचा उजवा कान तुमच्या वेळेपासूनच बंद, हे तुम्हाला माहीतच आहे. आता डावाही चाललाय. डॉक्टर म्हणाला, वर्षभर ऐकू येईल, फार तर दीड, पुढचं सांगता येत नाही. मी इथून कॅसेटमध्ये बोलून पाठवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती. पण घरचा टेप आता नुसता घुरघुरतो. मागची कॅसेट लावली तर आई धाकट्याला म्हणाली, "अरे हा कोण बोलतोय? विहिरीत पडलाय का?" धाकटा म्हणतो, कॅसेट कॉम्प्युटरात घालून खरखर काढता येते, आवाज साफ होतो. मग राहिले ते फक्त स्पीकर. तिला माझं बोलणं कळेल असे दिवस थोडे उरलेत बाबा. त्यात कंजूषपणा कसा करू? तीन शुक्रवार झाले, सुट्टीचा दिवस झोपून काढायचा तर मी खोलीत येरझाऱ्या घालतोय. खालच्या बाजेवरचा बिहारी ओरडतो, "अरे बैठ जा यार, चक्कर आता है देखके."

स्टिरिओवरून तुम्ही मला एकदाच झापलंत, पण असं झापलंत की अजून कानात आहे. कळव्याच्या खाडीकडची ती हळद. मी आठवीत नापास होऊन तुमच्याबरोबर फिरायला लागलेलो. तुम्ही कॅसेटच्या दोन्ही वायरी पिळून एक करायचात आणि सगळ्या भोंग्यांना एकच आवाज द्यायचात. मला ते बावळटपणाचं वाटायचं. त्या दिवशी तुम्ही चहाला गेलात आणि मी मित्राचा नवा डेक लावून डावं-उजवं वेगळं काढलं. मांडवाच्या ह्या टोकाला बाईचा आवाज, त्या टोकाला बँजो. मी मधोमध उभा, दोन्ही कानांनी ऐकतोय, वाटतंय स्वर्ग हाच. आणि एकदम त्या टोकाची माणसं उठून उभी. नवऱ्याच्या मामाकडची नेमकी. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर. "ए पोरा, त्यांना गाना न्‌ आमाला नुसता टणटणाट? आमी काय फुकट आयलोय?" मामा तर चपला शोधायला लागलेला. आता मामाच रुसून गेला तर पोराची हळद लागायची कशी? तुम्ही धावत आलात, मामाच्या पायाशी वाकलात, वायरी दाताने सोलून परत एक केल्यात. गाणं दोन्हीकडे सुरू झालं, तेव्हा कुठे मामा बसला. मग माझ्याकडे वळलात. "मधे उभा राहून ऐकणारा तू एकटाच होतास, भाडखाऊ. ही माणसं मानाला बसलीत. अर्धं गाणं म्हणजे अर्धा मान." मला रागच आलेला. आपण काहीतरी नवीन करायला जावं आणि ह्यांना मामाचं पडलंय. त्या रागातच मी ठरवलेलं, ह्या खोलीत राहायचं नाही.

तर गेल्या आठवड्यात दुकानातल्या मल्याळी सेल्समनला धरलं. म्हटलं, पाचवाला लावून दाखव. त्याने काचेच्या खोलीत बसवलं आणि कसलंतरी हेलिकॉप्टर सोडलं. खरंच सांगतो बाबा, मी मान खाली घातली. डोक्यावरून गेलं ते, मागे फिरलं, परत डाव्या खांद्याशी आलं. मी मनात म्हणालो, आता बोला, काय बोलता. मग खिशातली कॅसेट त्याला दिली, आईसाठी बोललेली. म्हटलं, ही लाव. लागली. माझाच आवाज, "आई, जेवलीस का?" पण आला फक्त मधल्या डब्यातून. बाकीचे मुके. मी उठून एकेकाला कान लावून पाहिला, काही नाही. म्हटलं, "बिघडला काय?" तो हसायला लागला. "आदमी एक है ना भाई. हेलिकॉप्टर थोडी है, घूमेगा." मीही हसलो. बाहेर येऊन माल उतरवायला लागलो.

जिंकलात असं मात्र समजू नका. तुमचा एकच आवाज तरी कुठे खरा? भोंग्यातून गावाला ऐकवायचात, आम्हा पोरांशी बोलायचात तेही भोंग्यासारखं. फक्त आईशी नाही. हे मला त्या काचेच्या खोलीत आठवलं, आणि तेव्हापासून डोकं जागेवर नाही. रात्रीचं जेवण चाललंय, ती स्टोव्हपाशी भाकऱ्या थापतेय, आणि तुम्ही पाट उचलून तिच्या डाव्या अंगाला जाऊन बसता. रोज. भिंतीशी जागा नाही, गुडघा डब्यांना लागतो, तरी तिथेच. हळू काहीतरी सांगता. आम्हाला ऐकू येत नाही. ती भाकरी उलटता उलटता हसते आणि म्हणते, "पुरे, पोरं बघतायत." तिच्याशी बोलताना तुम्ही आवाज चढवलेला मला आठवत नाही.

तिला तेच पायजे, हे न कळायला मी काय दगड आहे? तिथे कोणीतरी जाऊन बसलं पायजे. धाकटा दिवसभर क्लासात, रात्री कॉम्प्युटरपुढे. मग राहिलो मी. मे महिन्यात माझा करार संपत होता. शेठने कागद पुढे केला, पगार थोडा वाढवला, आणि मी आणखी दोन वर्षांची सही केली. तिला अजून सांगितलं नाही. त्या कॅसेटमध्येही नाही, तिथे मी गणपतीला येतो असंच बोललोय. धाकट्याला कळवलंय, दोनच घे, चांगले घे, आणि दोन्ही तिच्या खाटेच्या डाव्या बाजूला लाव. सराउंड मला माझ्यासाठीच हवा होता बाबा. खोली भरलेली वाटली असती, मी नसलो तरी. आता उद्या बँकेत जाऊन पैसे पाठवतोय. त्यात स्पीकरचे आले, तिच्या औषधाचे आले, आणि येण्याच्या तिकिटासाठी बाजूला काढून ठेवलेले तेही त्यातच घातलेत. सगळे मिळून चौदा हजार दोनशे रुपये.