दाजींचा अगोड चहा

दाजी, रामराम.

परवा चुलवाण पेटवायचं आहे. काहील घासून ठेवलीय, आणि गुऱ्हाळाची नवी पाटी रंगवायला पेंटर दोनदा येऊन गेला. आक्का म्हणाली होती, यंदा पाटीवर तुमचं नाव पाहिजे. "ह्यांच्या हातच्या गुळाचं तालुक्यात नाव व्हतं. तुझ्या पाटीवर राहू दे की." मी हो म्हणालो आणि पेंटरला टोलवत राहिलो. आज सकाळी डिंगोऱ्याला तुमच्या घरी जाऊन तिला खरं सांगून आलो. ते तुम्हालाही कळायला हवं, म्हणून लिहितोय.

माझ्या गुऱ्हाळात गुळवे म्हणून तुम्ही काहिलीपाशी उभे असलात की कुणी बोललेलं चालायचं नाही. बाकीचे गुळवे पाकाची गोळी पाण्यात टाकून बघतात. तुम्ही ती आमच्या समाधानापुरती बघायचात. "पाक आधी खळखळतो, मग फदफदतो, मग दम खातो. दम खाल्ला की उतरवायचा." नारायणगावच्या बाजारात मी टोमॅटोची क्रेट उचलायचो आणि व्यापाऱ्यांच्या कुजबुजीवरून भाव ओळखायचो, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणालात, "पावणं, ह्या कानांनी माणसं लई ऐकली. आता रस ऐका."

तुमचा गूळ काळपट तांबूस. हायवेवरची गिऱ्हाइकं ढेप हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. पिवळा नाही का? किती वेळा ऐकायचं? मग एका हंगामात, तुम्ही जेवायला गेलात ते बघून मी उकळत्या रसात साखरेची गोणी ओतली.

तुम्ही परत आलात. काहिलीकडं पाठ करून हात धूत होतात, तसेच थांबलात.

"सोपान, साखर कितीक टाकली?"

"थोडीच, दाजी. रंगापुरती."

"मग गुळव्या कशाला पायजे? हलवाई बोलव."

मी हसलो. मेव्हण्यानं दाजींच्या बोलण्यावर हसायचंच असतं, नाही का? पण तुमच्या आवाजात थट्टा नव्हती. ते मला ऐकू आलं होतं, दाजी.

शब्द दिला होता म्हणून तो हंगाम तुम्ही काढलात. पुढच्या वर्षी आक्काचा फोन आला. "अरे, ह्यांना शुगर निघाली. डॉक्टरनं भट्टीची धग आन् गोड, दोन्ही बंद केलंय." मी हळहळलो. आणि मला हायसंही वाटलं. आता काहिलीपाशी कान देऊन कुणी उभं राहणार नव्हतं.

पहिल्या आधणाची, हंगामात पहिल्यांदा उतरलेल्या काहिलीची, ढेप आपल्याकडं बहिणीच्या घरी जाते. मी दर वर्षी नेली, पिवळीधमक. आक्का ती फोडून गल्लीभर वाटायची, माझ्या भावाच्या गुऱ्हाळाचा गूळ म्हणून. तुम्ही ओसरीवर अगोड चहा पीत बसायचात. सगळ्यांच्या ताटात पुरणपोळी, तुमच्या ताटात भाकरी. एके काळी काहिलीच्या कडेची खरवड खरडून खाणारा माणूस तुम्ही.

मग छातीत कळ आली म्हणून नारायणगावच्या दवाखान्यात तुम्हाला ॲडमिट केलं. आक्का चहा आणायला खाली गेली होती. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "बाबा, शुगर तर नॉर्मल आहे. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"कंच्याच न्हाईत. शुगर कधी नव्हतीच."

सांगितलंत डॉक्टरांना आणि बघितलंत माझ्याकडं. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात आक्का आली. तुम्ही कप हातात घेऊन तिला विचारलंत, "गोड नाय ना केला?"

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. "तुझ्या भावाचा गूळ मी खाणार नाही," एवढं तुम्ही तरी तिला सांगून टाकलं असतंत तर? पण तिनं कारण विचारलं असतं. आणि तिला माहेर म्हणून मी एकटाच उरलोय. तेवढ्यासाठी तुम्ही आजारी होऊन बसलात? चौथ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि माझं विचारायचं राहिलं ते राहिलंच.

आज आक्का शेंगा फोडत बसली होती. मी गोणीपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, साखरेवरून शिव्या घालेल. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हंजी ह्यांना आजार नव्हताच?"

"नव्हता."

"दिवाळीला मी ह्यांच्या हातातला लाडू काढून घेतला व्हता रे. नातवंडांसमोर. 'इसरलो' म्हणले, आन् हसले."

मी पाया पडायला वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले. दारापर्यंतही आली नाही. आतूनच म्हणाली, "पाटीवर ह्यांचं नाव नको. आन् ढेप आणू नको."

दाजी, साखरेच्या गोण्या मी दुकानदाराला परत केल्या. परवा रसात मळी काढायला भेंडीचं पाणी पडेल, दुसरं काही नाही. भीती वाटते. इतकी वर्षं साखरेच्या जोरावर गूळ घट्ट व्हायचा. नुसत्या रसाचा मला जमेल का? नाहीच जमला तर काकवी म्हणून विकीन, आणि विचारणाऱ्याला कारण सांगेन.

आणि पहिलं आधण जसं उतरेल तसं घेऊन डिंगोऱ्याला जाईन. आक्का घेणार नाही कदाचित, तिच्यावर जबरदस्ती नाही. पण तिनं ज्या ज्या घरी माझा गूळ वाटला, त्या प्रत्येक दारात उभा राहीन आणि सांगेन की आजवर गल्लीनं खाल्ला त्या गुळात साखर होती, ती मी घातली, आणि आमच्या दाजींनी त्यातला एक खडासुद्धा कधी तोंडात टाकला नाही. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमचा मेव्हणा,
सोपान