तीन मंगळवारचा प्रश्न

सणसर,
५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते आधी कळवा. फोनवर आपल्या दोघींचं काही धड होत नाही. मी रडते, तुम्ही फोन ठेवता, आणि आई पलंगावरून सगळं ऐकत असतात. म्हणून तुम्हीच काढलेला नियम पाळतेय. फोनवर ख्यालीखुशाली, बाकीचं कागदावर. टपालखातं तुमच्या धाकट्या भावाकडे. गुरुवारी आणि शनिवारी पेरू घेऊन पिकअप भिगवणला येतेच. ते आपली पत्रं वाचत नाहीत, निर्धास्त असा. वाचलं तर त्यांना काहीतरी ठरवावं लागेल ना.

आईंच्या अन्ननलिकेच्या कॅन्सरवर आता इलाज नाही हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितल्याला दोन महिने झाले. तिथं नाकातून घातलेली नळी अजून आहे. दर दोन तासांनी मी पिचकारीनं दूध नाहीतर पेज सोडते. पहिल्यांदा बरं चाललं होतं. आता पोट फुगतं, ठसका लागतो, कधी सगळं उलटून येतं. आईंनी दोनदा नळी ओढून काढली. दोन्ही वेळा बारामतीला नेऊन परत घातली. तेव्हापासून मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी त्यांचे हात पलंगाला बांधते. हे तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं.

बारामतीहून आता दर मंगळवारी एक पथक घरी येतं. बरं न होणाऱ्या माणसाचा त्रास कमी करायचा, एवढंच त्यांचं काम. डॉक्टर वैदेही, छबूबाई सिस्टर, आणि सर्जेराव म्हणून एक गृहस्थ, जे पेशंटपेक्षा घरच्यांशी जास्त बोलतात. काल छबूबाईंनी आल्या आल्या आईंच्या पट्ट्या सोडल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग डॉक्टरांनी आईंना सगळं समजावून विचारलं की ही नळी ठेवायची का काढायची. काढली तर दुखण्याची औषधं चालू राहतील, तोंडानं जाईल तेवढा घोट देता येईल, पण थोड्या दिवसांत त्या जातील, हेही लपवलं नाही. आई म्हणाल्या, काढा, लई झालं. पण एका दिवसाच्या उत्तरावर ही माणसं जात नाहीत. त्या दिवशी दुखत असेल, राग असेल. हाच प्रश्न तीन मंगळवारी विचारायचा, आणि तिन्हीदा तेच उत्तर आलं तर घरच्यांना घेऊन बसायचं आणि नळी काढायची, अशी त्यांची पद्धत.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, ताई म्हणंल तसं. आणि आमच्या चुलत सासूबाई धोंडाबाई रोज चारला येऊन बसतात आणि आज किती पाजलं ते विचारतात. नळी निघाली तर त्या गावभर काय सांगतील ते तुम्हाला ठाऊक आहे. सुनेनं सासूला उपाशी मारली. म्हणून वन्सं, तुम्ही होय म्हटल्याशिवाय मला हलता येत नाही.

शनिवारच्या गाडीनं उत्तर द्या आणि माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
सुप्रिया


भिगवण,
७ नोव्हेंबर

चि. सौ. सुप्रिया हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून तुला डॉक्टरच करायला हवी होती. एक ओळ लावायला दाजींना आणि मला मिळून पाच मिनिटं लागली. प्लास्टर अजून आहे. दाजी मला कॉटवरून खाली पाय ठेवू देत नाहीत आणि स्वतः भाकऱ्या थापतात. त्याला भाकरी म्हणणं हा माझा चांगुलपणा.

हात बांधलेलं वाचलं आणि घास खाली उतरला नाही. पण तुझा दोष नाही. तू नसतीस तर आईचं काय झालं असतं ते मला कळतं. गेल्या दोन महिन्यांत तू जे केलंस ते पोटची लेक असून माझ्या हातून झालेलं नाही.

तरी नळीचं मला पटत नाही. दुखणाईत माणूस वैतागून काहीही बोलतं, ते असं लिहून घ्यायचं असतं का? तू पेज आणखी पातळ कर, वस्त्रगाळ करून घे. एका वेळी कमी दे आणि अर्धा तास बसवून ठेव. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, पोट फुगतं त्यावर औषध द्या, एवढं शिकलात ते कशासाठी. आणि धोंडाकाकूंना चहा देऊन वाटेला लावत जा.

माझी आई उपाशी जाणार नाही. हे माझं उत्तर आहे, पुन्हा विचारू नकोस.

विशालच्या हाती चिवडा पाठवलाय, त्याला एकट्याला संपवू देऊ नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
वन्सं


सणसर,
१२ नोव्हेंबर

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

चिवडा पोचला, अर्धा वाटेतच संपला होता.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं करून पाहिलं. पेज वस्त्रगाळ केली, दीड तासाला थोडी थोडी दिली. रविवारी ठसका लागला तो थांबेना. आई निळ्या पडल्या. ह्यांनी त्यांना धरलं होतं, मी पाठ चोळत होते. थांबल्यावर हे उठून बाहेर गेले आणि पिकअपमध्ये जाऊन बसले. आत आलेच नाहीत कितीतरी वेळ.

काल दुसरा मंगळवार. आईंचं उत्तर तेच. यावेळी डॉक्टरांनी आम्हालाही आत बसवलं होतं. मी आईंना म्हटलं की वन्संना वाटतं तुम्ही उपाशी राहाल. आईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, भूकच न्हाय बाई, तुमीच उगं भरताय. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. शरीर आता अन्न घेत नाही, आपण घालतोय ते त्याला ओझं होतंय. औषधानं फुगणं थोडं कमी होईल, पण ठसका थांबणार नाही.

सर्जेरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही घराबाहेर शेवटच्या कधी गेला होतात. मला आठवेना. घटस्थापनेला देवळात गेले होते बहुतेक. मी दिवसभर तोच विचार करत राहिले.

आता लिहू नये ते लिहिते. आई सुटाव्यात असं मला मनापासून वाटतं. पण त्या सुटाव्यात असं वाटतं की मी सुटावी असं वाटतं, हे माझं मलाच सांगता येत नाही. म्हणून मी होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पिचकारी भरते, पट्ट्या बांधते. आई माझ्याकडे बघतात. रागानं बघत असत्या तर बरं झालं असतं.

आता एकच मंगळवार उरलाय. रागावा, पण लिहिणं थांबवू नका.

तुमची,
सुप्रिया


भिगवण,
१४ नोव्हेंबर

चि. सौ. सुप्रियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. तिच्यासाठीच लिहितेय.

आई, बहात्तरच्या दुष्काळात आपण सुप्याला होतो. सणसरची पाटाखालची जमीन वडिलांनी फार नंतर घेतली. विशालचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. मी सहा वर्षांची. तू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचीस आणि मला बरोबर न्यायचीस. दुपारी सुकडी मिळायची, माणशी एक वाटी. पोरांना अर्धी. तू तुझी वाटी माझ्या पुढ्यात सरकवायचीस आणि पदर तोंडावर घेऊन आडवी व्हायचीस.

तुला वाटत असेल मी लहान होते, मला काय कळणार. मला कळत होतं, आई. तू खाल्लेलं नाहीस हे मला रोज कळत होतं आणि मी रोज खात होते. वाटी पुसून खायचे. एकदाही म्हटलं नाही की अर्धी तू घे. साठीला आले तरी पानावर बसलं की ते आठवतं. दाजींनासुद्धा हे कधी सांगितलं नाही.

म्हणून तू उपाशी जायचं नाहीस. निदान माझ्या डोळ्यांदेखत नाही. माझ्यासाठी एवढं कर. मंगळवारी डॉक्टरांना सांग की नळी राहू दे.

सुप्रिया, जसं आहे तसं वाच, मधलं गाळू नकोस. तुझ्यावर सगळा भार टाकून मी इथं बसलेय, त्याबद्दल पोटात घाल.

तुझी,
वन्सं


सणसर,
१९ नोव्हेंबर

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी संध्याकाळी तुमचं पत्र वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. आई डोळे मिटून ऐकत होत्या. वाटीचं परत वाच म्हणाल्या. दोनदा वाचलं.

काल तिसरा मंगळवार होता. डॉक्टरांनी शेजारी बसून तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. आई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या नळी. डॉक्टरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून परत विचारलं. परत तेच. काय झालं, कशामुळं बदललं, असं विचारल्यावर म्हणाल्या, मंदाला बरं वाटंल. लेकरू इतकी वर्सं मनात घिऊन बसलं, मला म्हाईत न्हवतं.

छबूबाई उठून पडवीत गेल्या. डॉक्टर म्हणाल्या, हे त्यांचं म्हणणं आहे, ते मोडून आम्ही नळी काढणार नाही. आईला लेकीसाठी सोसायचं असेल तर तोही तिचा हक्क. पण ती कुणासाठी सोसतेय हे त्या माणसाला माहीत असायला हवं, एवढं मात्र तुम्ही कळवा. म्हणून कळवते. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा येणार आहेत.

एवढ्यावर पत्र संपवणार होते, पण राहवत नाही. पथक गेलं आणि मी पेज सोडली. निम्मी उलटली. त्यांना पुसून झाल्यावर आईंनी दोन्ही हात आपणहून माझ्यापुढं केले. मनगटं जवळ धरून. म्हणाल्या, बांध बाई, झोपंत माजा हात जातो. मी बांधले, वन्सं. त्यांनी सांगितलं म्हणून बांधले, आणि आजपर्यंत इतकं अवघड मला काही गेलं नव्हतं.

आणखी एक. गेल्या शनिवारी पत्र द्यायला तुम्ही फाटकापर्यंत चालत आलात, असं हे सहज बोलून गेले. पायात चपला होत्या म्हणे. मला तुमचा राग आला आहे. खोटं कशाला लिहू. तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात, मान आहे आणि राहील, पण मी इथं दीड-दीड तासाचा दिवस मोजतेय आणि तुम्ही धडधाकट पायांनी पंचवीस-तीस किलोमीटरवर बसून पत्रं लिहिताय.

बोलून गेले ते गेले. नातं तेवढं तुटू देऊ नका.

तुमची,
सुप्रिया


भिगवण,
२१ नोव्हेंबर

चि. सौ. सुप्रियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. पाय बरा आहे. नळी लावलेली आई मला बघवली नसती, म्हणून आले नाही. दाजींनी दोनदा गाडी बाहेर काढली, मी दोनदा आत जाऊन झोपले. तू रागावलीस ते कमीच आहे.

तुझं पत्र गुरुवारी तीनदा वाचलं. मला वाटलं होतं मी तिला घास भरवतेय. मी तर तिच्या तोंडचाच मागितला, या वयात, पत्र लिहून. आणि तिनं दिला. तिला मी दुसरं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

सोमवारी येते. मुक्कामालाच येते, शेवटपर्यंत राहीन. मंगळवारी डॉक्टरांनी विचारण्याआधी मी आईशी बोलणार आहे. माझं मन निवलं, माझ्यासाठी काही धरून ठेवू नकोस, एवढंच सांगायचंय. मन निवलेलं नाही, पण ते माझं मी बघेन. ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखते, म्हणून इथं आरशासमोर बोलून बघतेय. दाजींना वाटतंय मला वेड लागलं.

मी बोलल्यावरही ती ठेवा म्हणाली तर आपण ठेवू. काढा म्हणाली तर त्याच दिवशी काढायची, आणि धोंडाकाकूंना ते मीच सांगणार. गावात कुणीही विचारलं तरी माझं नाव सांग. लेकीनं काढायला लावली म्हण. विशाललाही सांग, पिकअपमध्ये बसायचं नाही, आईच्या उशाशी बसायचं. मोठी बहीण म्हणून हे मी हुकमानं सांगतेय. तू मात्र मंगळवारी दुपारी बाहेर पड. कुठंही जा, बाजारात जा, नुसती पाटाच्या कडेनं चालून ये. तुला सुटावंसं वाटलं यात पाप नाही, मला तर न येताच सुटायचं होतं.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. हे तोंडानं सांगायचं आहे.

सोमवारी माझ्यासाठी स्वयंपाक करू नकोस, मी घरून पोटभर जेवून निघणार आहे. दारात पाय ठेवला की आई पहिलं तेच विचारेल, जेवलीस का म्हणून. तेव्हा मला खरं होय म्हणता आलं पाहिजे.

आल्यावर भांडायचं तेवढं भांड, मग जवळ घे.

तुझी,
मंदा