चीफ पायलट लाइल आणि त्याचं पिवळं विमान

४ फेब्रुवारी
विमान आलं! पिवळंधमक. पंखांवर पंख, उघड्यावर दोन सीटा, एकीमागे एक. युद्धाच्या काळात हवाई दलाची पोरं यावर शिकली म्हणे. आता आमच्या पेलिकन बाइटची अख्खी खाडी आणि कालवांची शेतं लोकांना वरून दाखवायची. इस्टरपर्यंत धंदा सुरू. हा संकल्प. नोरीनने विचारलं, विमान खात्याच्या परवान्याचं काय? म्हटलं, तो नुसता उपचार असतो गं. ती "बरं" म्हणाली. बायकोचं हे "बरं" मला लग्नापासून आवडलेलं नाही.

६ फेब्रुवारी
पदं वाटली. मी: मॅनेजिंग डायरेक्टर आणि चीफ पायलट. नोरीन: चहा आणि लॅमिंग्टन केक. तिने वर्षानुवर्षं पिकांवर औषध फवारणारी विमानं उडवली, मान्य. पण ती गव्हावरून उडायची. गव्हाशी बोलावं लागत नाही. प्रवाशांसमोर व्यक्तिमत्त्व लागतं.

११ फेब्रुवारी
खात्याला फोन. अॅडलेडच्या ऑफिसात ग्वेंडा टिलेट म्हणून बाई आहेत, तपासणी त्याच करणार. आवाज गोड. कमर्शियल लायसन्स आहे का, म्हणाल्या. म्हटलं, लायसन्स खासगी आहे, पण मनाने मी पहिल्यापासून कमर्शियल. पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, लाइल, पैसे घेऊन माणसं न्यायची तर मन चालत नाही. नोरीन मागून ओरडली, माझं लायसन्स चालू आहे की! पायलट म्हणून तात्पुरतं तिचं नाव घातलं. केवळ तांत्रिक बाब.

२३ फेब्रुवारी
खात्याने कंपनीची उड्डाण-नियमावली मागितली होती. लिहून पाठवली. एक पान. भरताड आपल्याला जमत नाही.

९ मार्च
नियमावली परत. "खाडीवर इंजिन बंद पडल्यास काय कराल?" यापुढे मी लिहिलं होतं: खाली यावे. त्यावर ग्वेंडाने लाल शाईत फक्त "कसे?" असं विचारलंय. नोरीन हे वाचून इतकी हसली की खुर्ची शोधावी लागली. आता तीच स्वयंपाकघरात बसून नवी लिहिते आहे. मी देखरेख करतो आहे. तिचा खिमा भरलेला मीट पाय उत्तम झाला होता.

२० मार्च
नवीन कटकट. उड्डाणाआधी प्रत्येकाला स्पष्ट सांगायचं की विमान जुनं, लष्करी, मोठ्या विमानांइतकं सुरक्षित नाही, येताय ते स्वतःच्या जबाबदारीवर. ग्वेंडाला विचारलं, "थोडा वारा लागतो" एवढं सांगितलं तर? नाही म्हणाली. लोकांना खरं कळू दे, मग त्यांचं त्यांना ठरवू दे.
संध्याकाळी पबमध्ये मर्ववर सराव केला. मर्व म्हणजे शेजारचा मेंढीवाला. आवाजात चढउतार, एक हात आकाशाकडे. मर्वने बिअर खाली ठेवली आणि म्हणाला, बाबा रे, मी आपला चालत जातो. त्याला कुठेही जायचं नव्हतं.

७ एप्रिल
इस्टर गेला. इस्टरचा हट्ट मुळात कुणी धरला होता कोण जाणे.

२१ एप्रिल, दुपारी
तपासणी! ग्वेंडा आली. बुटकी, बुटांना चिखल, सगळ्या तारा स्वतः ओढून पाहिल्या. मग म्हणाली, प्रवाशाला सूचना कशा देता ते दाखवा. नोरीनला पुढच्या सीटवर बसवलं. आधी माझं बालपण थोडक्यात, मग विमानविद्येचा इतिहास, शेवटी पट्टा. पट्टा नोरीनऐवजी माझ्या रेशमी मफलरला लागला. त्यामुळे सूचना संपल्यावर मला जाता येईना. ग्वेंडाने सोडवलं.
मग म्हणाली, आता नोरीन, तू सांग. लाइल, तू प्रवासी.
नोरीनने माझा पट्टा आवळला आणि म्हणाली, लाइल, हे विमान तुझ्यापेक्षा म्हातारं आहे. मोठ्या विमानाइतकं सुरक्षित नाही. इंजिन बंद पडलं तर मी वाळूवर उतरवीन, तू डोकं खाली घाल. नको वाटत असेल तर आत्ता बोल, कुणी हसणार नाही.
पट्टा एकदा स्वतः ओढून पाहिला. हो म्हटलं.
आणि मग! खाडी काचेसारखी. पेलिकन आमच्या खाली. एका क्षणी समुद्र डोक्यावर आणि आकाश बुटांशी! मी ओरडलो. (किंचाळलो नाही. दाद दिली.) मागे पायलटची सीट, तिथून बोलायच्या नळीतून नोरीन गात होती. इतकी वर्षं एका घरात राहतो, ही गाते हे मला माहीतच नव्हतं. उतरल्यावर मीच म्हणालो, पुन्हा!
ग्वेंडा हसली. माझ्याकडे बघून नाही, पण हसली.

९ मे
परवाना मिळाला!! जिंकलो!
चीफ पायलट: नोरीन. माझ्या नावापुढे "जमिनीवरचा मदतनीस". नोरीन म्हणाली, मीच सुचवलं, तुला वगळू कशी? खरंच आहे. जमीन म्हणजे पाया. पायाशिवाय आकाश कसं उभं राहणार?

१६ मे
उद्घाटन. गर्दी मावेना. मी नवी टोपी घातली, वर "मॅनेजिंग डायरेक्टर" शिवून घेतलंय. पहिला प्रवासी पोर्ट लिंकनचा एक दाढीवाला ट्रक ड्रायव्हर, आडवातिडवा. खाली उतरला तो थेट नोरीनच्या गळ्यात पडला आणि तिला कॅप्टन, कॅप्टन म्हणत राहिला. मग डोळे आणि तोंड पुसत सरळ माझ्याकडे आला. दोन्ही हातांनी, जपून, एक कागदी पिशवी माझ्या हातात दिली. कंपनीला मिळालेली पहिली भेट! मान झुकवून आभार मानले. मर्व फोटो काढत होता, म्हणून पिशवी छातीशी घट्ट धरली.
कोमट होती.
शर्ट भिजत घातला आहे.