गाडीमागचं माणूस

लोरीन,

हे टपालात टाकणार नाही. तू उत्तर लिहिलंस तरी पाठवशील कुठे? मला पत्ता कुठाय?

"तू रिटायर झालास म्हणून मीही जन्मभर चाकांवर झोपायचं का?" असं म्हणून तू नेब्रास्काला मुलीकडे निघून गेलीस. मी या घर-गाडीतच राहिलो. इथे ॲरिझोनात, अशाच घर-गाड्यांच्या तळावर, मला एक काम सापडलं होतं. नवं जोडपं आलं की त्यांच्या गाडीमागे उभं राहून हात हलवायचे, अगदी तू हलवायचीस तसे: "येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, बस!" लोक कॉफी पाजायचे. वाटायचं, चला, अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतोय.

काल एक गाडी आली. मी धावत मागे गेलो. बाईने काच खाली केली आणि गोड हसून म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला व्हा ना. मागे कॅमेरा आहे, पण त्यात नुसते तुम्हीच दिसताय."

मग मी आपली गाडी काढली आणि मागे घेताना नळाच्या खांबावर घातली. खाली उतरलोच नाही. तू मागून "थांब रे आंधळ्या!" म्हणून ओरडशील, याची वाट बघत बसलो.

तुझा आंधळा,
व्हर्लन