नानांचा तांब्या

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
९ फेब्रुवारी १९८६

ती. अण्णा यास,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि त्यातला चिमूटभर हलवा पोचला. हलव्याचं पार पीठ झालं होतं, पण नानांनी ते बोटाने टिपून टिपून खाल्लं. कमलावहिनीचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जिवात जीव आला. तिला जिने चढू देऊ नकोस. आणि सध्या स्वयंपाक तू करतोस हे लिहिलंस, त्यावर माझा मुळीच विश्वास नाही.

आता इथलं लिहिते, घाबरू नकोस. नाना परत पडले. हाड मोडलं नाही, पण त्याआधी दोन दिवस ते भ्रमातच होते. मला आईच्या नावाने हाक मारली आणि मॅट्रिकच्या इंग्रजीच्या पेपरांचा गठ्ठा बोर्डाकडे गेला का म्हणून विचारलं. शाळेची नोकरी सोडून इतकी वर्षं झालेला माणूस गठ्ठ्याच्या काळजीने रडायला लागला. हॉस्पिटलात सलाइन लावलं, लघवीचं इन्फेक्शन निघालं आणि दोन दिवसांत पुन्हा नेहमीचे नाना झाले. डिसेंबरातही हेच झालं होतं. डॉक्टर म्हणाले की मेंदू हळूहळू चालला आहे, घरी निभणार नाही. तिथल्या एका बाईने नर्सिंग होम्सची नावं हातात ठेवली आणि कुठलं ते लवकर कळवा म्हणाली. भाजी निवडायला सांगावी तसं सांगितलं.

जुलैत नाना चार महिन्यांच्या पाहुणचाराला आले आणि अर्धांगाने त्यांना इथेच अडकवलं, तेव्हापासून आम्ही काय कमी केलं ते तूच सांग. श्रीरंगने नानांसाठी संध्याकाळची शिफ्ट मागून घेतली. सकाळी नानांना उचलणं, बाथरूमला नेणं, अंघोळ, दाढी, सगळं तोच करतो. मला ते वजन पेलत नाही. अंघोळ घालताना नाना डोळे गच्च मिटून बसतात, म्हणून साबण झोंबत असेल असं समजून त्याने लहान बाळांचा साबण आणला. पाणी भरपूर द्या असं डॉक्टरांनी बजावलंय, तर आपला कराडचा तांब्या मी सकाळी भरून त्यांच्या उशाशी ठेवते, आणि दुपारी मी कामावरून येते तेव्हा तो रिकामा असतो. तेवढं एक समाधान. त्यांच्या खिडकीतली तुळस मात्र थंडीने काळी पडून चालली आहे.

माझी मैत्रीण शीला मेश्राम, नागपूरची, वुस्टरला नर्स आहे. तिने मिसेस हॅनलन नावाच्या बाई सुचवल्या. या सोशल वर्कर, पण कुठल्या हॉस्पिटलच्या नाहीत की कुठल्या होमच्या नाहीत. घरच्यांनी बोलवायचं, त्यांनी माणूस आणि घर दोन्ही बघायचं, काय काय सोय होऊ शकते ते सांगायचं आणि पुढे ती सोय नीट चालली आहे ना यावर लक्ष ठेवायचं. त्यांची एकच अट आहे: पहिल्या भेटीत त्या नानांशी एकट्या बोलणार, दार लावून. श्रीरंग हो म्हणाला. माझ्या मनाला ते काही पटलेलं नाही.

नाना इथून हलू नयेत, एवढंच मला हवं आहे. तुझं मत कळव. तुझी माया इतक्या लांबवर पोचते, तशीच पोचत राहो.

तुझी,
सुलेखा


कराड
२३ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. सुलेखा हिस,
अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच खाली बसलो. कमला आतून विचारत होती काय झालं. नर्सिंग होम! आपल्या नानांना? ज्या माणसाच्या हाताखालून अर्धं कराड इंग्रजी शिकलं, त्याने परक्या देशात परक्या माणसांत खाटेवर पडून राहायचं? हा शब्द पुन्हा पत्रात लिहू नकोस.

आणि त्या हॅनलनबाईंचं काय ते मला कळलंच नाही. आपल्या घरात काय दुखतं खुपतं ते विचारायला भाडोत्री माणूस? तेही दार लावून? नाना तिला काय सांगणार, कपाळ! जन्मात कधी त्यांनी आईजवळ पाय दुखतो म्हटलं नाही. तू मुलगी आहेस, तुला कळणार नाही तर त्या गोऱ्या बाईला कळणार होय?

श्रीरंगरावांना माझा नमस्कार सांग. जावई असून पोटच्या मुलासारखं करतात हे मी इथे वाचनालयात, पोस्टात, भेटेल त्याला सांगतो. लोक तोंडात बोट घालतात. नानांनाही मी प्रत्येक पत्रात लिहितो, तुमचं भाग्य थोर, असा जावई कुणाला मिळतो. मी तिथे यायचं म्हटलं तर कमलाचे टाके अजून ओले आहेत. तोवर तुम्हीच.

स्वयंपाक मीच करतो. कमलाची साक्ष पाठवू का? आशीर्वाद आहेतच, ते कमी पडले तर कळव.

तुझा,
अण्णा


श्रूजबरी
८ मार्च १९८६

ती. अण्णा यास,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. मिसेस हॅनलन त्याआधीच येऊन गेल्या. काय झालं ते तुला लगेच लिहायला बसले होते, पण दोन कागद फाडले.

बाई उंच, साठीच्या, बर्फातले बूट दारात काढून मोज्यांनी आत आल्या. सोबत चहाचा थर्मास. नानांच्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. मी आणि श्रीरंग स्वयंपाकघरात परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे. आतून नानांचा आवाज येत होता, इंग्रजीत, सावकाश, वर्गात बोलायचे तसा. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला! मध्ये एकदा दार उघडलं, बाईंनी नानांना धरून बाथरूमला नेलं आणि परत आणलं. मी धावले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? तुळशीला पाणी कोण घालतं? मी म्हटलं, मी, तेही एक दिवसाआड. त्यांनी मला खोलीत नेलं आणि कुंडीत बोट घालायला सांगितलं. अण्णा, चिखल होता नुसता. ती थंडीने मरत नव्हती, बुडून मरत होती. आणि नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते.

तांब्या रोज रिकामा व्हायचा तो कुंडीत. नाना त्यांच्या चांगल्या उजव्या हाताने रोज तो तुळशीत ओतत होते. स्वतः पीत होते औषधापुरता घोट. बाईंनी थर्मासमधला चहा पुढे केला तेव्हा नाना दोन कप घटाघटा प्यायले आणि आणखी आहे का म्हणाले. तिथेच बाईंना शंका आली. इतका तहानलेला माणूस पाणी का पीत नाही, असं त्यांनी विचारलं. नानांनी सांगितलं ते इंग्रजीत सांगितलं. मराठीत त्यांची जीभ रेटली नसती. आम्हाला सांगायची परवानगीही त्यांनी बाईंना इंग्रजीतच दिली.

ते म्हणाले, या गृहस्थाला मी माझी मुलगी दिली त्या दिवशी परातीत त्याचे पाय धुतले. देव समजून धुतले. आता तोच माणूस माझी घाण धुतो. मी जितकं पाणी पिईन तितक्या वेळा त्याला मला उचलून न्यावं लागेल. म्हणून मी पाणी सोडलं. माझ्या मुलीच्या घरी मला काही कमी नाही, फक्त तोंड दाखवायला जागा नाही.

साबण झोंबत नव्हता रे. ते श्रीरंगकडे बघू शकत नव्हते, म्हणून डोळे मिटत होते. भ्रम, इन्फेक्शन, चक्कर येऊन पडणं, सगळं त्या तहानेतून आलं असणार असं बाई म्हणतात, आणि तसं त्यांनी आमच्यादेखत डॉक्टरांना फोनवर सांगितलं. मेंदूबद्दलचं आता ते पुन्हा तपासून सांगणार आहेत. आम्ही इतके महिने प्रेमाने नानांना तहानेने मारत होतो, आणि कुणी विचारलं नाही, कारण वडीलमाणसाला असलं काही विचारायचं नसतं!

श्रीरंग बाहेर गेला आणि बर्फ कधीच काढून झालेल्या अंगणात फावडं फिरवत राहिला. नंतर एवढंच म्हणाला, की माझे पाय कुणी धुतले होते हे मी विसरूनच गेलो होतो.

आता आठवडाभर शीलाच्या ओळखीचा एक माणूस, वॉल्टर, नानांचं सगळं करायला येतो. त्याच्यासमोर नाना मजेत पाणी पितात. पुढचं काय ते बाई नानांनाच विचारणार आहेत. आम्ही मध्ये बोलायचं नाही अशी तंबी आहे. मला फार भीती वाटते.

रागावला असशील तर तो राग या पत्रावर काढ, माझ्यावरचा जीव तसाच राहू दे.

तुझी,
सुलेखा


कराड
२२ मार्च १९८६

चि. सौ. सुलेखा हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र कमलाला वाचून दाखवत होतो, तुळशीपाशी थांबलो. पुढचं तिने वाचलं. नंतर ती पदर तोंडाला लावून बसली आणि मी उगाच घरातली भांडी इकडची तिकडे ठेवली.

मला ते पाय धुणं लख्ख आठवतं. नानांच्या कमरेत उसण भरली होती. मी म्हटलं, काकांना बसवू तुमच्या जागी. तर डोळे वटारले. वाकले, धुतले, स्वतःच्या उपरण्याने पुसले, आणि उठताना माझ्या खांद्याला धरलं. आणि त्याच माणसाला मी दर पत्रात लिहीत होतो, जावई तुम्हाला अंघोळ घालतात, तुमचं भाग्य थोर! सुलेखा, ती पत्रं त्यांनी कशी वाचली असतील? तू वाचून दाखवत होतीस ना? तेव्हा तोंड कुठे करायचे ते?

पण होमचं मला अजूनही सोसत नाही. मुलगा जिवंत असताना बाप तसल्या ठिकाणी, ही कल्पनाच मला धक्का देते. डॉक्टर विमानात बसू देत असतील तर त्यांना माझ्याकडे पाठव. नसतील तर कमला हिंडूफिरू लागली की मीच येतो. मी मुलगा आहे, माझ्या हातचं त्यांना चालेल. मला विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

श्रीरंगरावांना काय लिहावं कळत नाही. त्यांना म्हणावं, अण्णा तुमच्या पाया पडतो. नको, तेही नको. नुसतं क्षेमकुशल सांग.

तुझा,
अण्णा


श्रूजबरी
१४ एप्रिल १९८६

ती. अण्णा यास,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच ठरलं, आणि ठरवलं नानांनी. विमानाला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. मिसेस हॅनलननी नानांपुढे दोन गोष्टी ठेवल्या होत्या: वॉल्टरने घरी येत राहायचं, किंवा जवळच्या एका होममध्ये खोली. मी मनात म्हटलं, वॉल्टर आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. नानांनी होम बघायला मागितलं. चाकाच्या खुर्चीतून शाळातपासनीस आल्यासारखे सगळीकडे हिंडले, स्वयंपाकघरात अंडं कुठल्या भांड्यात शिजवता तेसुद्धा विचारलं. आणि मग म्हणाले, मला ही खोली हवी.

गाडीत मी रडले, भांडले, आम्ही तुम्हाला नकोसे झालो का म्हणून विचारलं. नानांनी शांतपणे सांगितलं की वॉल्टर घरी गेला की रात्री श्रीरंगरावच धावत येणार, आणि ते येणार हे मला माहीत असणार. मला जावयाकडे पाहुणा म्हणून मरायचं नाही, जावई माझ्याकडे पाहुणे आलेले बघायचे आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांना तिथे ठेवून आलो. आमची बारा वर्षांची सीमा वाटेत म्हणाली की आपण आजोबांना असं सोडून येतो आहोत हे तिला भयंकर वाटतं. डबा मी रोज नेते, आणि बाई न सांगता केव्हाही तिथे डोकावतात, नानांना एकट्याने गाठून विचारतात, आणि मग मला फोन करतात.

काल रविवारी आम्ही तिघं गेलो. अण्णा, मी दारातच थबकले. नाना कोट घालून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. टेबलावर पांढरं कापड, तांब्या, चार पेले, बिस्किटं, आणि शीलाकडून मागवलेला एक नारळ. श्रीरंगला त्यांनी हाताने खुणावून चांगल्या खुर्चीत बसवलं. त्याच्याकडे सरळ बघून विचारलं, प्रवास सुखाचा झाला ना. प्रवास सात मैलांचा! पण श्रीरंगने मान लववून हो म्हटलं. मग नानांनी उजव्या हाताने तांब्या उचलला. कापडावर थोडं सांडलं. मी पुढे झाले तर माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले. श्रीरंगला दिलं, मग आम्हाला, मग स्वतःचा पेला भरला. श्रीरंग पुरे म्हणाला की नाना आणखी एकदा भरायचे, आणि त्याने घेतलं की स्वतःही घ्यायचे. नंतर खुशाल घंटा दाबून त्यांनी तिथल्या माणसाला बोलावलं, आणि आम्हाला बसा म्हणून सांगून त्याच्या आधाराने आत जाऊन आले.

निघताना श्रीरंगच्या हातात नारळ ठेवला. गाडीत तो नारळ मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून होता, किल्ली फिरवेचना. म्हणाला, नाना आज माझ्याकडे बघून बोलले.

तू ये, कमलावहिनी बरी झाली की नक्की ये. नाना तुझ्यासाठीही पेला मांडतील. माझ्यावर अजून चिडला असलास तरी ये, इथे आल्यावर भांडू.

तुझी,
सुलेखा

ता. क. – तांब्या रिकामा झाला. त्या खोलीत कुंडी नाही. मी सगळीकडे बघून आले.