टाईप न केलेलं पान

गुरुजी, टेबलावर तुमची अंगठी वाजायची, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. टक् टक्, आणि मग थांबा. पुन्हा टक् टक्. पेठच्या शाळेत खडूचा डबा बाजूला सारून तुम्ही चांदीच्या अंगठीनं कवितेची चाल धरायचात आणि आम्ही डोळे मिटून ऐकायचो. एकदा तुम्ही शब्द सांगितलेच नाहीत, नुसती चाल वाजवलीत आणि विचारलंत, हे कसं चालतंय? मी ताडकन उभा राहिलो आणि वृत्ताचं लक्षण गणांसकट म्हणून दाखवलं. तुम्ही मान हलवलीत, पण बघत होतात मागच्या बाकाकडे. तिथे ती बसलेली. डोंगराकडची, मामाच्या घरी राहून शिकणारी, तोंड उघडलं की वर्ग हसायचा ती. म्हणाली, "गुरुजी, हे भात झोडल्यावानी हाय. दोनदा हाणायचं, मंग पेंढी फिरवायची." वर्ग हसला, सगळ्यात मोठ्यानं मी. तुम्ही बोटातली अंगठी काढून तिच्या हातात दिलीत, आणि उरलेला तास तिनं ठेका धरला. मला अजून दिसतंय, अंगठी तिला सैल होते आहे, म्हणून ती मुठीत धरून वाजवते आहे, आणि तुम्ही खिडकीशी उभे राहून ऐकताय. तास सुटल्यावर मी तुमच्या मागं मागं व्हरांड्यात आलो, थोडी शाबासकी उरली असेल तर घ्यायला. "तुझं पाठांतर चांगलं आहे रे," तुम्ही म्हणालात, "पण तिला कान आहे." म्हातारा झालो, गुडघे गेले, दात गेले, तो 'पण' काही गेला नाही.

शाळा सोडताना तुम्ही मला पेन दिलंत. चांगलं होतं, निब तीनदा बदलून आज त्याच पेनानं लिहितो आहे. पण तिला तुम्ही वही दिलीत, तुमच्या स्वतःच्या कवितांची, कधी कुठं न छापलेल्या. निवृत्तीनंतर मी मंचरच्या क्लासात मराठी टायपिंग शिकलो, आणि मला वाटलं, आता माझी पाळी. तिच्याकडून वही मागून आणली. इथं अवसरीला खिडकीशी बसून, दोन बोटांनी, एक पावसाळाभर टाईप केली आणि कापडात गुंडाळून परत दिली. क्लासवाल्यानं दिलेली फॉन्टची सीडीही तिलाच देऊन टाकली, कारण तिनंही तोवर कॉम्प्युटर घेतला होता आणि टायपिंग शिकत होती. पुढं कळलं, ती दहाही बोटांनी टाईप करते. त्या दिवशी मी जेवलो नाही, गुरुजी. घरात सांगितलं, पोट बिघडलंय.

गेल्या महिन्यात तिचा बेल्ह्याहून फोन आला. "वही वाळवीनं खाल्ली रं," म्हणाली. "कवा लागली, कळलंच न्हाई. बरं तर बरं, तू टाईप करून ठिवलंस. आता तेवढं मोठ्या अक्षरात छापून दे, डोळ्यांना लई तरास व्हतो." म्हणजे आता तुमच्या कविता जगात फक्त माझ्याकडे. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र दिवसभर गुणगुणत होतो.

कॉम्प्युटर जुना. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम रोज सकाळी बजावायची की आता तिला कुणी वाली नाही. प्रिंटरही तिला जुमानेना. सूनबाई म्हणाली, "आबा, नवीनच टाकू. पण बॅकअप?" मी म्हणालो, "अगं, सगळं डी ड्राईव्हला आहे. सी पुसली तरी डीला धक्का लागत नाही." क्लासात पाठ केलं होतं, म्हणून दाखवलं. तिनं पेन ड्राईव्ह लावला, सी पुसली. पडद्यावर टक्के चढत गेले आणि चौसष्टवर अडून बसले. आमचा दोनदा चहा झाला. मग मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं. आवाज गेला होता, तो तिनं शोधून आणला. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला, तोही कुरकुरत कागद ओढायला लागला. मी ऐटीत तुमची फाईल उघडली. पडदाभर कंस, टक्क्यांच्या खुणा, उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं.

"आबा, ह्या कविता?" सूनबाई म्हणाली. "हे तर मांजर कीबोर्डवरून गेल्यासारखं दिसतंय." मग माझा चेहरा बघून जवळ बसली. "घाबरू नका. कविता जागेवर आहेत, चष्मा हरवलाय. फॉन्ट सीमध्ये असतो, तो पुसला गेला." दोन दिवस आम्ही एकेक फॉन्ट लावून पाहिला. इंटरनेटवरची, जुनं टायपिंग नव्यात बदलून देणारी यंत्रंही दोन झाली. एकानं जोडाक्षरं गिळली, दुसऱ्यानं वेलांट्या भलत्याच डोक्यांवर चढवल्या. मंचरचा कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला, "काका, लई जुना फॉन्ट हाय. क्लासवाल्यानं सवताच्या हातानं बदलून दिलेला. त्याची सीडी आसंल तर बघा, न्हाईतर अवघड हाय."

सीडी कुणाकडे आहे, ते मी सूनबाईला सांगितलं. फोन मात्र केला नाही. ती म्हणाली, "करा की, त्यात काय?" त्यात काय, ते तुम्हाला सांगतो. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात एकच ओळ होती: जिनं ऐकलं, तिला. ते पान मी टाईप केलं नाही. त्या जागी माझं नाव घातलं, ठळक, मध्यभागी. सीडी आली की फाईल उघडणार, फाईल उघडली की ती पहिलं पान बघणार. खरं सांगू? पडद्यावर तो कचरा दिसला तेव्हा घाबरलो, आणि त्याच्या मागोमाग क्षणभर बरंही वाटलं. आता कुणालाच वाचता येणार नाही, तिलाही नाही. तुमच्या सगळ्या कविता बुडाल्या तरी चालतील, माझ्या नावाची ती एक ओळ तिच्या नजरेस पडू नये, इतका मी क्षणभर खाली उतरलो. आणि आज आठवडा झाला, फोनपाशी जातो आणि पाणी पिऊन परत येतो.

आज सोमवार, बेल्ह्याचा बैलबाजार. दुपारी दारात टेम्पो थांबला, मागं उभा बैल हंबरला; वाटलं, टेम्पोवाला रस्ता विचारायला थांबलाय. तेवढ्यात आवाज आला. "आरं, हाईस का घरात? तुझ्या सुनंचा फोन आला व्हता. सीडी घावली! बैलासंगं बसून आले, पाठ मोडली माझी." ह्या वयात, जनावरांच्या टेम्पोत. मी जागचा हललो नाही, लिहीतच राहिलो. सूनबाई कामावर गेली आहे, दार उघडायला दुसरं कुणी नाही. ती आता सीडीच्या डबीनं कडीवर ठोठावते आहे. टक् टक्, आणि मग थांबते.

हा कागद प्रिंटरखाली सरकवतो, गुरुजी. तुमचं ते पहिलं पान मशीनमध्ये नाही, वाळवीच्या पोटात गेलं. पण माझं पाठांतर चांगलं आहे. दार उघडतो, आणि ती आत यायच्या आधी उंबऱ्यातच म्हणून दाखवतो.