शांतवनच्या पत्राचं उत्तर

रूथ,

धाकट्या शांतवनने दवाखान्यातून पाठवलेल्या पत्राला मी उत्तर दिलंच नाही. “दादा, मला माफ केलंस का?” एवढंच त्याने विचारलं होतं. दोन महिने मी प्रभूकडे शहाणपण मागत राहिलो. तू म्हणायचीस, “अहो, आमेन म्हणून झालं ना, आता पेन उचला!” खरं तर माफी पहिल्याच प्रार्थनेत मनात आली होती. मीच चांगल्या शब्दांसाठी अडून बसलो. त्याच्या दफनविधीनंतर त्याची बायको मार्था म्हणाली, “भाऊजी, ते रोज पोस्टमनची वाट बघायचे.” मला मान वर करता आली नाही.

हे तुला तोंडाने सांगवत नाही. भात झाकून ठेवलाय, जेवून घे. मी चर्चमध्ये बसतोय. सकाळी तू भगिनी मंडळाला गेल्यावर मार्थाला एकच ओळ लिहिली, ‘मी त्याला केव्हाच माफ केलं होतं,’ आणि चिंचवडच्या पोस्टात टाकून आलो.